ॲबर्डीन ते बर्गेन : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर ॲबर्डीन हे बंदर आहे आणि नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गेन. दोहोंच्या मध्ये उत्तर समुद्र पसरलेला आहे. ही दोन्ही नगरे मासेमारी व सागरी व्यापार ह्यांवर वाढली. १९७० च्या सुमारास ह्या समुद्राच्या तळाखाली खनिज तेलाचे मोठे साठे सापडले आणि दोन्ही किनाऱ्यांवर एक नवा उद्योग उभा राहिला. ॲबर्डीनचा विमानतळ नगराबाहेर डाइस येथे १९३४ साली सुरू झाला, तर बर्गेनचा विमानतळ फ्लेसलँड येथे १९५५ साली. राजधानीच्या विमानतळांइतके हे मोठे नाहीत. परंतु समुद्राने विभागलेल्या अशा दोन प्रदेशांना हवाई मार्गाचे महत्त्व फार असते. हाच प्रवास जमिनीवरून करावयाचा म्हटल्यास संपूर्ण इंग्लंड उतरून, खाडी ओलांडून, नेदरलँड्स, जर्मनी व डेन्मार्क ह्या देशांतून मोठा वळसा घ्यावा लागेल.

आता एक वेळापत्रक आपण कल्पनेने तयार करू. समजा, एक विमान ॲबर्डीनहून सकाळी १० वाजता निघते व बर्गेनला १२ वाजून २० मिनिटांनी पोहोचते. तेच विमान बर्गेनहून १२ वाजून ५० मिनिटांनी परत फिरते आणि ॲबर्डीनला १ वाजून २० मिनिटांनी येते. निघण्याच्या व पोहोचण्याच्या वेळांची वजाबाकी केली, तर जाताना २ तास २० मिनिटे लागली आणि येताना केवळ ३० मिनिटे! विमान तेच, मार्ग तोच, अंतरही तेच. मग परतताना त्याचा वेग साडेचार पटींहून अधिक झाला काय? असे अर्थातच झालेले नाही. हे कोडे सोडविण्यासाठी अंतर, वेग, वारा व घड्याळ ह्या चार गोष्टींचा क्रमाने विचार करावा लागेल. असे करताना आपल्याला दिसून येईल की, ह्या हिशेबातील काही फरक जाण्यायेण्यात फिटतात, काही मात्र कधीच फिटत नाहीत. आणि जे फिटत नाहीत, त्यांच्यावरच पुष्कळदा प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात.

अंतर कसे मोजतात

पृथ्वीवरील कोणत्याही स्थळाचे स्थान अक्षांश व रेखांश ह्यांनी सांगता येते. ॲबर्डीनचा विमानतळ ५७.२ अंश उत्तर अक्षांशावर आणि २.२ अंश पश्चिम रेखांशावर आहे. बर्गेनचा विमानतळ ६०.३ अंश उत्तर अक्षांशावर व ५.२ अंश पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशांतील फरक ३.१ अंश झाला. रेखांशांची मात्र बेरीज करावयास हवी, कारण एक स्थळ ग्रिनिचच्या रेखेच्या पश्चिमेस आणि दुसरे पूर्वेस आहे. ही बेरीज ७.४ अंश होते.

दक्षिणोत्तर दिशेने एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. हे प्रमाण पृथ्वीवर सर्वत्र जवळजवळ सारखेच असते. म्हणून बर्गेन हे ॲबर्डीनच्या उत्तरेस सुमारे ३४४ किलोमीटर आहे. पूर्वपश्चिम दिशेने मात्र हे प्रमाण पालटते. सर्व रेखावृत्ते ध्रुवाशी एकत्र येतात. त्यामुळे विषुववृत्तावर त्यांच्यामध्ये एका अंशास १११ किलोमीटर अंतर असले, तरी उत्तरेकडे जावे तसे ते कमी होत जाते. ह्या दोन नगरांच्या मधल्या अक्षांशावर, म्हणजे ५८.७५ अंशांवर, ते केवळ सुमारे ५८ किलोमीटर उरते. अशा ७.४ अंशांचे सुमारे ४२९ किलोमीटर झाले.

आता ३४४ व ४२९ किलोमीटर ह्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू समजल्या, तर पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे कर्णाची लांबी ५५० किलोमीटर येते. पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र असल्याने सपाट त्रिकोणाचा हा हिशेब काटेकोर नव्हे; तथापि गोलाच्या भूमितीने केलेले अचूक गणितही जवळजवळ ह्याच आकड्यावर येते. एवढ्या थोड्या अंतरात वक्रतेने पडणारा फरक नगण्य असतो.

परंतु रेखावृत्ते जवळ येतात ही गोष्ट कोणी विसरला, तर काय होईल? तो ७.४ अंशांना १११ ने गुणील आणि त्याचे उत्तर ८९० किलोमीटरांच्या आसपास येईल. साडेपाचशे किलोमीटरांच्या हिशेबात ही ३४० किलोमीटरांची चूक झाली. मर्केटरने १५६९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचा नकाशा पाहणाऱ्याची अशीच फसगत होण्याचा संभव असतो. ह्या नकाशात रेखावृत्ते समांतर काढलेली असतात. त्यामुळे ६० अंश अक्षांशावर प्रत्येक लांबी विषुववृत्तावरील लांबीच्या दुप्पट दिसते. अशा नकाशावर मोजपट्टी ठेवून उत्तरेकडील देशांतील अंतरे काढू नयेत.

सरळ वाट आणि बदलती दिशा

वाचकाने शक्य झाल्यास एक पृथ्वीगोल समोर घ्यावा. ॲबर्डीनवर व बर्गेनवर एकेक टाचणी टोचून त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरावा. हा दोरा ज्या रेषेने जातो, ती गोलावरील सर्वांत जवळची वाट होय. ही वाट ज्या वर्तुळाचा भाग असते, त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो; म्हणून त्यास बृहद्वृत्त असे नाव आहे.

ह्या वाटेचे एक वैशिष्ट्य आहे. ॲबर्डीन सोडताना तिची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ४८ अंश असते. बर्गेनला पोहोचताना मात्र ती सुमारे ५४ अंश झालेली असते. विमान कोठेही वळले नाही, तरीही दिशा सहा अंशांनी कशी बदलली? ह्याचे कारण असे की, दिशा आपण स्थानिक रेखावृत्तावरून मोजतो आणि प्रत्येक रेखावृत्त शेजारच्या रेखावृत्ताकडे किंचित कललेले असते. वाट सरळच राहिली. मोजण्याची रेषा तेवढी बदलली.

वैमानिक अंतरे सागरी मैलांत मोजतात, ह्याचेही मूळ पृथ्वीच्या गोलाकारातच आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले, तर प्रत्येक भागाची लांबी सुमारे एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, भरते. ह्या मापाने आपला मार्ग सुमारे २९७ सागरी मैलांचा होतो.

वारा आणि वेग

अंतर ठरले. आता विमानाचा वेग माहीत असला की वेळ काढणे सोपे, असे वाटेल. अशा अंतरासाठी जी पंख्याची टर्बोप्रॉप विमाने वापरतात, त्यांचा उंचावर स्थिरावल्यावरचा वेग ताशी ५०० किलोमीटर धरू. ५५० किलोमीटरांस ६६ मिनिटे लागावीत. परंतु ताशी ५०० किलोमीटर हा वेग कशाच्या सापेक्ष आहे, हा प्रश्न येथे विचारावयास हवा. तो भूमीच्या सापेक्ष नसून सभोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो. नदीत नाव वल्हविणारा नावाडी पाण्याला रेटा देतो, काठाला नव्हे. पाणी वाहत असेल, तर नावही त्याबरोबर वाहते. विमानाचे व हवेचे नाते असेच असते.

उत्तर समुद्रावर पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येणारे वारे अधिक असतात. ॲबर्डीनहून बर्गेनकडे, म्हणजे ईशान्येस, जाणाऱ्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात आणि परतताना समोरून अडवितात. समजा, नैर्ऋत्येचा वारा ताशी १०० किलोमीटर वेगाने वाहत आहे. जाताना विमानाचा भूमीसापेक्ष वेग ६०० होईल आणि ५५० किलोमीटर ५५ मिनिटांत संपतील. येताना तो ४०० होईल आणि त्याच अंतरास साडेब्याऐंशी मिनिटे लागतील.

जाताना जे मिळाले ते येताना गेले, अशी आपली समजूत होण्याचा संभव आहे. परंतु बेरीज करून पाहावी. वारा नसता तर जाण्यायेण्यास १३२ मिनिटे लागली असती. वाऱ्यात साडेसदतीस मिनिटे अधिक शंभर, म्हणजे १३७.५ मिनिटे लागली. जाताना ११ मिनिटे वाचली, येताना १६.५ मिनिटे गेली. असे का व्हावे? विमान अनुकूल वाऱ्यात थोडा वेळ राहते आणि प्रतिकूल वाऱ्यात जास्त वेळ राहते. म्हणून लाभ थोडा काळ होतो व हानी अधिक काळ होते. टोकाचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. वाऱ्याचा वेगही ताशी ५०० किलोमीटर आहे असे मानले, तर जाताना निम्म्या वेळात पोहोचता येईल. परंतु परतताना विमान हवेत जागच्या जागी उभे राहील आणि कधीच घरी येणार नाही. आडवा वाराही निरुपद्रवी नसतो. वाटेवरून ढळू नये म्हणून विमानाचे नाक किंचित वाऱ्याकडे वळवून धरावे लागते, आणि त्यात वेगाचा काही अंश खर्च होतो.

जमिनीवरील मिनिटे

वेळापत्रकातील वेळ विमान आपल्या थांब्यावरून हलते तेव्हापासून मोजतात आणि दुसऱ्या विमानतळावरील थांब्यावर ते उभे राहीपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत जाणे, आपल्या पाळीची वाट पाहणे, सात हजार मीटर उंचीपर्यंत मंद गतीने चढणे, उतरताना वेग कमी करणे, हे सर्व त्यात येते.

शिवाय विमाने शक्यतो वाऱ्याच्या दिशेस तोंड करून उडतात व उतरतात. ॲबर्डीनची मुख्य धावपट्टी वायव्येकडून आग्नेयेकडे, पण बरीचशी दक्षिणोत्तर, अशी आहे. बर्गेनचीही जवळजवळ दक्षिणोत्तर आहे. आपला मार्ग मात्र ईशान्येचा आहे. दक्षिणेचा वारा असेल, तर ॲबर्डीनहून निघालेले विमान प्रथम गन्तव्य स्थळाकडे जवळजवळ पाठ करून उडते आणि मग वळते. भूमितीने काढलेल्या ५५० किलोमीटरांत अशा रीतीने काही किलोमीटरांची भर पडते.

प्रवास जितका लहान, तितका ह्या मिनिटांचा भार अधिक. ह्याचे मोठे मनोरंजक उदाहरण स्कॉटलंडच्याच उत्तरेस ऑर्कनी बेटांत आढळते. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ह्या दोन बेटांमधील हवाई प्रवास हा जगातील सर्वांत लहान नियमित विमानप्रवास समजला जातो. अंतर २.७ किलोमीटर आणि वेळापत्रकातील वेळ दोन मिनिटे. म्हणजे सरासरी वेग ताशी ८१ किलोमीटर झाला. हा तर मोटारगाडीचा वेग होय! विमान मंद नाही. पूर्ण वेग घेण्यापूर्वीच त्याला उतरावे लागते.

आता आपल्या कल्पित वेळापत्रकाकडे वळू. वर्षभराच्या सरासरीने नैर्ऋत्येचा वारा ताशी ४० किलोमीटर धरला, तर हवेतील वेळ जाताना सुमारे ६१ व येताना सुमारे ७२ मिनिटे होतो. त्यात जमिनीवरील व चढउताराची अठराएक मिनिटे मिळविली, म्हणजे जाण्यास ८० मिनिटे व येण्यास ९० मिनिटे हा ठोकळ हिशेब मिळतो. मग वेळापत्रकात २ तास २० मिनिटे व ३० मिनिटे हे आकडे कोठून आले?

दोन घड्याळे

आपल्या भाषेत ‘बराच वेळ लागला’ असे म्हणताना हा शब्द पुल्लिंगी असतो आणि ‘निघण्याची वेळ झाली’ असे म्हणताना तो स्त्रीलिंगी होतो. हा भेद येथे उपयोगी पडतो. वेळापत्रकात छापलेली असते ती वेळ. प्रवासास लागतो तो वेळ. आणि छापलेली वेळ ही नेहमी त्या त्या स्थळाची असते.

भारतात सर्वत्र ८२.५ अंश पूर्व रेखांशाची एकच प्रमाणवेळ पाळली जाते. त्यामुळे आगगाडीच्या वेळापत्रकात आपल्याला हा घोटाळा कधी जाणवत नाही. युरोपात मात्र प्रमाणवेळा अनेक आहेत. हिवाळ्यात ब्रिटन ग्रिनिचची वेळ पाळतो आणि नॉर्वे त्याहून एक तास पुढे असलेली मध्य युरोपीय वेळ पाळतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी दोन्ही देश एकाच क्षणी आपली घड्याळे एक तास पुढे करतात व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. म्हणून फरक बारा महिने एका तासाचाच राहतो.

ह्यावरून कोडे सुटते. ॲबर्डीनहून १० वाजता निघालेले विमान ८० मिनिटांनी पोहोचते, तेव्हा ॲबर्डीनमध्ये ११ वाजून २० मिनिटे झालेली असतात, परंतु बर्गेनचे घड्याळ १२ वाजून २० मिनिटे दाखविते. परतताना ९० मिनिटे लागतात आणि त्यातून घड्याळाचा एक तास वजा होऊन ३० मिनिटे उरतात. दोन्ही भासमान आकड्यांची बेरीज १७० मिनिटे आहे, आणि ८० व ९० ह्या खऱ्या आकड्यांची बेरीजही १७० च आहे. घड्याळाने जाताना जे उसने घेतले, ते येताना पुरतेपणी परत केले. वाऱ्याने मात्र तसे केले नाही, हे आपण वर पाहिलेच.

घड्याळाचा हा एक तास सूर्याने घालून दिलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. पृथ्वी एक अंश फिरण्यास चार मिनिटे घेते. ७.४ अंशांस सुमारे ३० मिनिटे होतात. बर्गेनला सूर्य ॲबर्डीनच्या केवळ अर्धा तास आधी माथ्यावर येतो. उरलेला अर्धा तास माणसांनी सोयीसाठी ठरविलेला आहे.

मध्यबिंदू कोठे आहे

आतापर्यंतचा विचार प्रवाशाच्या सोयीचा होता. वैमानिकाच्या दृष्टीने त्यात अधिक गंभीर अर्थ आहे. ॲबर्डीन ते बर्गेन ह्या रेषेवर मध्ये कोठेही भूमी नाही. शेटलंड बेटे उत्तरेस बाजूला राहतात. समजा, समुद्रावर असताना एका इंजिनात बिघाड झाला आणि शक्य तितक्या लवकर उतरणे आवश्यक ठरले. पुढे जावे की मागे फिरावे?

सामान्य मनुष्य म्हणेल, २७५ किलोमीटरांपूर्वी बिघाड झाला तर मागे, नंतर झाला तर पुढे. हे उत्तर वारा नसतानाच खरे आहे. वर घेतलेला १०० किलोमीटरांचा पाठवारा असेल, तर पुढे जाण्याचा वेग ६०० व मागे फिरल्यावरचा वेग ४०० होईल. ॲबर्डीनपासून २२० किलोमीटरांवर एक बिंदू असा येतो की, तेथून मागील २२० किलोमीटरांस ३३ मिनिटे लागतात आणि पुढील ३३० किलोमीटरांसही ३३ मिनिटेच लागतात. वेळेच्या दृष्टीने हाच खरा मध्यबिंदू होय. ॲबर्डीनपासून २५० किलोमीटरांवर असलेला वैमानिक जर जवळचे म्हणून मागे फिरला, तर त्याला साडेसदतीस मिनिटे समुद्रावर राहावे लागेल. लांबच्या वाटणाऱ्या बर्गेनला तो ३० मिनिटांतच पोहोचला असता. इंजिन बंद पडल्यावर विमानाचा वेग घटतो, तेव्हा प्रत्यक्षातील आकडे वेगळे असतात. परंतु तत्त्व हेच राहते. म्हणून मोठ्या जलाशयावरून जाणारे वैमानिक हा बिंदू उड्डाणापूर्वीच काढून ठेवतात.

इंधन मिनिटांत मोजावे

ह्याच कारणाने इंधनाचा हिशेब केवळ अंतरावरून करीत नाहीत. जमिनीवरील हालचालीसाठी इंधन, प्रवासासाठी इंधन, अनपेक्षित अडचणींसाठी प्रवासाच्या इंधनाचा सामान्यतः विसावा भाग, आणि ठरलेल्या ठिकाणी उतरता न आल्यास दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यासाठी इंधन, असे त्याचे भाग असतात. बर्गेनला धुके वा वादळ असेल, तर सुमारे १६० किलोमीटर दक्षिणेस स्टाव्हांगर येथे जाता येते. ह्या सर्वांशिवाय जेट व टर्बोप्रॉप विमानांत आणखी ३० मिनिटे उडता येईल इतके अखेरचे राखीव इंधन असावे, असा नियम आहे. हे अखेरचे राखीव इंधन किलोमीटरांत सांगितलेले नाही, मिनिटांत सांगितले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ह्या काळजीचे मोल एका घटनेने दाखवून दिले. १२ जुलै २००० रोजी एका जर्मन कंपनीचे जेट विमान क्रीट बेटावरील हानिया ह्या विमानतळावरून जर्मनीतील हॅनोवरकडे निघाले. अंतर सुमारे २,२०० किलोमीटर. उड्डाणानंतर विमानाची चाके पूर्णपणे आत गेली नाहीत. विमान उडू शकत होते, म्हणून प्रवास चालू ठेवण्यात आला. परंतु बाहेर राहिलेल्या चाकांमुळे हवेचा विरोध वाढला, वेग कमी ठेवावा लागला आणि इंधनाचा खप पुष्कळ वाढला. विमानातील गणकयंत्राच्या इंधनविषयक अंदाजात मात्र ह्या वाढीव विरोधाचा हिशेब धरलेला नव्हता. अखेर व्हिएन्नाकडे वळलेल्या त्या विमानाची इंजिने विमानतळ नजरेच्या टप्प्यात असताना इंधन संपून बंद पडली, आणि ते धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळले. विमानात १५० माणसे होती. काही जण जखमी झाले. परंतु सुदैवाने कोणीही दगावले नाही.

हानिया व हॅनोवर ह्यांमधील अंतर त्या दिवशी एका मीटरानेही वाढलेले नव्हते. नकाशावरील आकडा बरोबर होता; बदलली होती ती परिस्थिती.

उपसंहार

ॲबर्डीन ते बर्गेन किती दूर, ह्या प्रश्नाचे उत्तर एकच आहे : सुमारे ५५० किलोमीटर. किती वेळ लागतो, ह्या प्रश्नाला मात्र एक उत्तर नाही. वारा, धावपट्टीची दिशा, विमानाची स्थिती ह्यांवर ते अवलंबून राहते, आणि कोणत्या घड्याळाने मोजले ह्यावरून ते निराळे भासते. घड्याळाचा फरक हा केवळ लिहिण्याचा फरक आहे. तो जाण्यायेण्यात फिटतो. वाऱ्याचा फरक हा खरा फरक आहे. त्याचे मोल वेळेने व इंधनाने द्यावे लागते. कोणताही आकडा हाती आला, तर तो कशाच्या सापेक्ष मोजला आहे हे प्रथम विचारावे, हा शास्त्रीय विचाराचा पहिला धडा होय.

वाचकाने आता स्वतःच्या गावाजवळचे दोन विमानतळ घ्यावेत, शालेय भूगोलाच्या पुस्तकातून त्यांचे अक्षांश व रेखांश काढावेत आणि वरील रीतीने अंतर काढून पाहावे. आपल्या अक्षांशांवर रेखावृत्ते उत्तर समुद्राइतकी जवळ आलेली नसतात. किती जवळ आली आहेत, हे त्यास आपोआप कळून येईल.